ब्राउनीची खरवड

शेजारणींना वाटायचं, मला केक-बिस्किटांचा नाद लागला आहे. दुपारी आमच्या घरातून चॉकलेटचा वास सुटला की समोरची दारात उभी राहून म्हणायची, "मजा छे तमारे." मी नुसती मान हलवायची. मला गोड फारसं आवडत नाही, ओव्हनचा तर मनापासून कंटाळा आहे. पण हे सगळं समजावून सांगायला अंगात त्राण हवं, आणि त्या दिवसांत माझ्या अंगात त्राण नावाची गोष्ट उरली नव्हती.

माय पडली ती सुरतेजवळच्या सचिन गावात, भावाच्या घरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना नुकताच धुतलेला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नंतर तिला पुन्हा तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? भाऊ साड्यांच्या प्रोसेस हाउसमध्ये पाळीवर जातो, वहिनी पॅकिंगला. आमचं भेस्तानचं घर तळमजल्यावर, आणि मी घरीच बसून साड्यांना चमकत्या टिक्क्या चिकटवते. त्यामुळे कुणी कुणाला काही विचारलं नाही. इस्पितळातून निघालेली गाडी सरळ आमच्या दाराशी येऊन थांबली.

भावाने मायला उचलून पलंगावर ठेवलं, बाहेर गेला आणि बाजरीच्या पिठाची पिशवी घेऊन परत आला. मी म्हटलं, "का रे, आमच्याकडे पीठ नाही?" तो खाली बघत म्हणाला, "मायनी सांगं."

सांगणारच. आमच्या खानदेशातली जुनी माणसं लेकीच्या घरी ताटावर बसत नाहीत. पाणी पितील, चहाला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतील, पण जेवणार नाहीत. दिलेल्या लेकीचं खायचं म्हणजे पाप, ते फेडता येत नाही. आता हे कुणी पाळत नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणींच्या आया लेकींकडे राहून बारीकसारीक तक्रारी करत पोटभर जेवतात. पण माझी माय पाळते. जन्म सुरतेच्या कारखान्यांच्या भोंग्यावर काढला, गुजराती बायकांशी गुजरातीत भांडली, पण ही एक गाठ तिने गावाहून आणली ती तशीच ठेवली. म्हणून मुलाच्या घरचं पीठ आलं. त्या पिठाची अर्धी भाकरी ती खायची. माझ्या घरच्या डाळीत तिचा तुकडा नुसता ओला व्हायचा.

माझा नवरा लूमच्या खात्यात मुकादम आहे, कमी बोलतो. त्यानेसुद्धा एकदा धीर करून सासूला म्हटलं, "मामी, घर तुमनंच शे." मायने पदर कपाळावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. तो बिचारा परत त्या वाटेला गेला नाही. मी मात्र भांडले. ती शांतपणे म्हणाली, "आंडेरना घरनं खाईसन कोठे फेडू मी?" आंडेर म्हणजे लेक.

मी म्हटलं, "फेडायला सांगितलंय कुणी?"

"कोनी सांगत नही. तरी फेडनं पडस."

मी गरम पाण्याची बादली घेऊन तिचं अंग पुसायला लागले. अंग पुसून घ्यायला, कूस बदलून घ्यायला, लेकीने गू-मूत काढायला तिची हरकत नव्हती. हरकत फक्त ताटाला होती. मला तिचा इतका राग यायचा की पुसताना हात जड व्हायचा, मग लगेच हलका करायचे.

पडून पडून तिच्या माकडहाडापाशी जखम झाली. आधी लाल डाग, मग फोड, मग खड्डा. ड्रेसिंग करायला नर्सबेन यायच्या. त्या पट्टी उलगडायच्या तेव्हा मी दुसरीकडे बघायची, आणि मग बघावंच लागतं म्हणून बघायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. मलमानं हे भरत नाही. आतून मांस यायला हवं, आणि ते खाण्यातून येतं. अंडी, डाळी, दूध, पनीर, पोटात जायला हवं. जखम हाडाला भिडली तर मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही. ते एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे गेले. मी घरी येईपर्यंत रिक्षात तेच वाक्य ऐकत होते.

अंडं माय खात नाही. वडील गेले तेव्हापासून तिने ते सोडलं. डाळ पातळ हवी, दुधाने तिला मळमळतं, पनीर म्हणजे तिच्या मते रबर. नर्सबेन रोज विचारायच्या, "बा, कंई खाव छो के नहीं?" आणि माय रोज ठणकावून सांगायची, "खाऊँ छूँ ने!" गुजरातीत खोटं बोललं तर पाप लागत नसावं.

एक गोष्ट मात्र होती. मायला गोडाचं वेड आहे. साखरेचा आजार नाही, तेवढं एक बरं. हे मी बंगळुरूला असलेल्या माझ्या मुलीला फोनवर बोलले. कशाला बोलले असं नंतर वाटलं, कारण तिने लगेच व्हिडिओ पाठवला. कुणी एक बाई हसत हसत कॉटेज चीज मिक्सरमध्ये फिरवते, त्यात कोको घालते आणि ओव्हनमधून काळ्या चकचकीत वड्या काढते. "मम्मी, एकदम इझी आहे. पनीरच तर आहे. नानीला कळणारपण नाही." ती लॉकडाउनमध्ये घरी होती तेव्हा तिने ओव्हन घेतला होता. केक करून झाले, ती निघून गेली, ओव्हन राहिला. त्याच्यावर मी टिक्क्यांचे डबे ठेवायची. ते डबे उतरवून मी ओव्हन पुसला. पुसतानाच दमले.

पहिली खेप वाया गेली, आणि ती फक्त सुरतेतच अशी वाया जाऊ शकते. डेअरीवाल्याला म्हटलं, मऊ पनीर द्या. तो म्हणाला, "टोपलीवाळुं?" मायला एकटी सोडून आलेले, डोकं घरी. हो म्हणून टाकलं. टोपलीतलं सुरती पनीर लोण्यासारखं मऊ असतं खरं, पण ते मिठाच्या पाण्यात बुडालेलं असतं. ब्राउनी अशी खारट झाली की पहिल्याच घासाला माझे डोळे मिटले. नवऱ्याने सगळी चहाबरोबर संपवली आणि एक शब्द बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचे असे काही फायदे आहेत.

मग ठरवलं, घरीच दूध फाडावं. दुधाला उकळी आली, मी लिंबू कापलं, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "चांगलं दूध कसाले नासाडी ऱ्हायनी व? ज्या म्हैसनं शे तिले लागी ना." पाय हलत नव्हता, नाक मात्र शाबूत होतं. चांगलं दूध मुद्दाम नासवलं की ते म्हशीला बाधतं, असं आमची जुनी माणसं मानतात. सुरतेतल्या पिशवीच्या दुधामागे कुठली म्हैस उभी आहे आणि तिला काय लागणार आहे, हे विचारायची सोय नव्हती. त्या दुधाचा चहा झाला. दुसऱ्या दिवशी बिनमिठाचं साधं पनीर आणलं.

पनीर आणि थोडं दूध मिक्सरमध्ये अगदी गंधासारखं होईपर्यंत फिरवलं. कणी राहिली की संपलं, रबर म्हणून बोंब होणार. लोणी वितळवून त्यात साखर, कोको, जेमतेम कणीक, आणि माझ्या मनाने मूठभर दाण्याचं कूट. अंड्याऐवजी दोन चमचे दही. मुलगी फोनवर सांगत होती: डब्याला बटर पेपर लाव, फार भाजू नको, आतून ओली राहिली पाहिजे, थंड झाल्याशिवाय कापू नको. बटर पेपर संपला होता. पुन्हा बाजारात जायची ताकद नव्हती. तसंच ओतलं.

वड्या निघता निघेनात. वरचं कसंबसं निघालं, बुडाचा जाड थर डब्यालाच चिकटून बसला. पण चव जमली होती. गाभुळलेल्या चिंचेला असतो तसा एक चिवट ओलेपणा तिच्यात होता, आणि पनीरचा मागमूस नव्हता. त्यातल्या त्यात धड दिसणारी वडी ताटलीत ठेवून मी मायपुढे नेली. तिने आधी न्याहाळली.

"हाई काय व, शेणनी गवरी?"

"खाऊन तर बघ."

तिने चिमटीएवढी मोडून तोंडात टाकली. क्षणभर डोळे किलकिले झाले. आवडलं होतं, मला कळलं. लगेच ताटली सरकवली. "गोड शे. जवाईले ठेव."

मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. त्यात मायेचा भाग थोडा, थकव्याचा जास्त. टिक्क्या चिकटवून मान धरलेली, साड्या तशाच पडलेल्या, ओट्यावर भांड्यांचा ढीग, आणि ही बाई एका वडीसाठी पाप-पुण्य करत बसलेली. म्हटलं, "मर मग उपाशी." असं आम्ही एकमेकींना आयुष्यभर म्हणत आलो आहोत, तरी त्या दिवशी ते तोंडातून निघाल्यावर मी उठले आणि चिकटलेला डबा चमच्याने सोडवायला घेतला.

तेवढ्यात साड्यांचा माणूस गठ्ठा घेऊन आला. डबा हातात होता तो मी चमच्यासकट तसाच पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला आणि बाहेर गेले. त्याच्याशी हुज्जत घालून परत येते तर आतून आवाज येतोय. खर्र, खर्र, खर्र. माय कुशीवर वळून, डबा छातीशी धरून, चमच्याने बुड खरवडत होती. तोंडाला कोको लागलेला. मला बघून थांबली नाही. "वाया जाई ना," एवढंच म्हणाली, आणि कोपऱ्यातलं काढायला चमचा उलटा धरला.

डबा असा लख्ख झाला की घासायची गरज नव्हती.

तो आवाज मला फार जुना वाटला. लहानपणी आमची चाळीतली एक खोली, कारखान्यातून आलेले वडील, आम्ही भावंडं. सगळ्यांची ताटं व्हायची, आणि शेवटी माय भांडं पुढ्यात ओढून खरवड काढून खायची. भाताची, खिचडीची, दुधाची. मायला खरवड आवडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तर तिच्यासाठी म्हणून खरवड ठेवायचो. त्या दिवशी दारात उभी राहून मला कळलं की तिला ती आवडत असेल नसेल, पण खरवडीचं एक बरं असतं. ताट कुणीतरी वाढतं. खरवड कुणी वाढत नाही. ती भांड्याची असते, जी भांडं घासते तिची. ती खाल्ल्याने कुणाचं खाल्लं असं होत नाही.

मग काय, मी बटर पेपर आणलाच नाही. मुलगी जे जे सांगायची त्याच्या बरोबर उलट करायला लागले. डब्याला तूप लावायचं नाही. गरम असतानाच कापायचं, म्हणजे तुटतं. वरच्या वड्या पातळ काढायच्या, खाली बोटभर थर ठेवायचा. पनीर वाढवलं, कूट वाढवलं. डबा मुद्दाम स्टुलावर ठेवायचा, वर पाणी घालायचं नाही, आणि काहीतरी काम काढून बाहेर जायचं. बाहेर जाऊन मी स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहायची आणि आतला खर्र खर्र आवाज ऐकायची. मुलगी फोटो मागायची. मी तुटक्या वड्यांचे फोटो पाठवायची. ती म्हणायची, "मम्मी, इतक्यांदा केलीस, अजून तुला जमत कशी नाही?"

एवढ्यावर थांबले नाही. खिचडीत मुगाची डाळ दुप्पट घालून ती तळाला लावायला लागले. मुद्दाम भांडं लावणं हे न लावण्यापेक्षा अवघड असतं. करपू द्यायचं नाही, पण सुटूही द्यायचं नाही. नवरा एकदा म्हणाला, "आजकाल सगळंच लागतं गं तुझं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं गिळलं. मग त्याला सगळं सांगितलं. तेव्हापासून तो जेवण झालं की भांडं स्वतः उचलून तिच्या स्टुलावर ठेवायचा आणि टीव्हीचा आवाज मोठा करायचा, म्हणजे तिला खरवडताना संकोच नको.

हे सगळं वाचायला गंमतीचं वाटेल. करायला नव्हतं. दर दुपारी ओव्हन, मिक्सर, डबा, मग कूस बदलणं, चादरी, पट्ट्या, मग टिक्क्या. एखाद्या दिवशी मी ओव्हनसमोर बसूनच झोपायची आणि वास आल्यावर जागी व्हायची. एकदा तर रागाने ठरवलं, आज नाही करणार. दुपार झाली तशी माय स्टुलाकडे बघायला लागली. स्टूल रिकामं होतं. मी उठले.

जखम हळूहळू भरत गेली. आधी नर्सबेन काही म्हणेनात, नुसत्या हं हं करायच्या. मग एक दिवस पट्टी काढून त्यांनी मला खांद्याला धरून जवळ ओढलं. "जुओ, नवुं मांस आवे छे." खड्ड्याच्या कडेने गुलाबी, ओलसर, लहान मुलाच्या हिरडीसारखं काहीतरी दिसत होतं. मी त्या दिवशी दुसरीकडे बघितलं नाही. बराच वेळ तेच बघत राहिले, शेवटी माय ओरडली, "झाका ना व आते, थंडी वाजस."

श्रावण लागला तोवर ती वॉकर धरून मोरीपर्यंत जायला लागली होती. कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, आली. भावाकडे कानबाई बसते, आणि माय आजवर एकदाही चुकलेली नाही. कानबाईसाठी घरच्या पुरुषांच्या नावाने गहू बाजूला काढतात आणि त्यातूनच सगळा नैवेद्य होतो. रोट, पुरणपोळी, खीर. तो नैवेद्य फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, आणि आमच्यात दिलेल्या लेकीलाही नाही. लेक दुसऱ्या घरची झाली. लग्न झालं त्या वर्षी मी कानबाईला माहेरी गेले होते. सगळे पंगतीला बसले आणि मला वेगळं वाढलं, तेव्हा चेष्टा चालली आहे असं मला वाटलं होतं. मग सवय झाली. अलीकडे मी नुसतं दर्शन घेऊन परत येते.

यंदा तेही केलं नाही. भाऊ आणि त्याचे दोन सोबती मायला खुर्चीत बसवून घेऊन गेले, आणि मी दार लावून झोपले. ओव्हन लावला नाही, साडी उघडली नाही. मायची आठवण येईल असं वाटलं होतं, पण खरं सांगते, फक्त झोप आली.

दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपून भाऊ तिला घेऊन आला. तिला पलंगावर बसवून तो घाईने कामावर गेला. मी तिच्या पाठीशी उशी लावत होते, तेवढ्यात तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून स्टीलची छोटी डबी काढली. पानसुपारीची असते तेवढी. झाकण उघडून माझ्यापुढे धरली. आत तांबूस, करपट, गुळाचे गोळे होऊन बसलेलं काहीतरी होतं. वासावरून कळलं. गव्हाची खीर.

मी हात मागे घेतला. "माय, हे मला चालत नाही. नैवेद्याचं आहे."

"नैवेद कोठे शे? खरवड शे," ती म्हणाली. "पातेलं मीच घासं. खरवडले कसाना नेम?"

तिचं तोंड अगदी साधं होतं. भाजी निवडताना असतं तसं.

"मी नही खादी का तुन्ही?"

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. न लावलेला कागद, बोटभर थर, टीव्हीचा मोठा आवाज, सगळं. मी बाहेर ओट्याला टेकून उभी असायचे आणि ती आत माझ्यासाठी तो चमचा वाजवत असायची.

मी पलंगाच्या कडेला बसले. डबी मांडीवर घेतली आणि बोटाने खरवड काढून खाल्ली. जरा जास्तच करपली होती, गूळ दाताला चिकटत होता. लग्नानंतर पहिल्यांदा कानबाईचं माझ्या तोंडात पडलं. माय डबीचं झाकण हातात धरून मी संपवायची वाट बघत होती. संपल्यावर तिने डबी घेतली, आत वाकून बघितलं, झाकण लावलं.

मग पाठ उशीला टेकवून म्हणाली, "आते त्या डब्बाले कागद लाई देत जाय व माय. खरडी खरडी हात दुखतस मन्हा. ताटलीमा दे."